राजमा शिजत नाही, भात मात्र गिच्च होतो

सात शिट्ट्या झाल्यावर कुकर उघडला, पळीत चार दाणे घेतले आणि दाबून बघितले. साल चामड्यासारखी, आत खडूसारखं कोरडं. परत झाकण, परत पाच शिट्ट्या. तोवर वरच्या डब्यातल्या भाताची पेज झाली होती आणि राजमा होता तिथेच. पुण्यात नगर रोडकडच्या नव्या घरात राहायला आलो, त्या वर्षी हे एक रविवार आड व्हायचं.

चीड यायची ती यासाठी, की राजमा-भात निवडलेलाच मुळी सोपा आणि स्वस्त म्हणून. एक वाटी राजमा, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम, शिजून अडीच-तीन वाट्या होतो. दोन कांदे, दोन टोमॅटो, आलं-लसूण आणि भात, एवढ्यात चौघं पोटभर जेवतात. पोळ्या लाटायच्या नाहीत, भाजी निवडायची नाही. पण त्यासाठी सव्वा तास गॅस जाळून शेवटी पिठलंच टाकावं लागणार असेल, तर आधीच पिठलं-भात काय वाईट होता?

जुन्या घरी हाच कुकर होता, हीच वाटी होती आणि राजमा याच दुकानातून यायचा. तिथे कधी अडलं नाही. तरीही मी सुरुवात कुकरपासूनच केली, कारण कुकरवर संशय घेणं सोपं असतं. रिंग बदलली, शिट्टी बदलली, मग दुकान बदललं. शेवटी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला आईला फोन केला.

"राजमा कधीचा आहे तो?"

"परवाच आणलाय."

"तू परवा आणलास रे. शेतातनं कधी निघालाय?"

याचं उत्तर पाकिटावर नसतं. तिथे असते पॅकिंगची तारीख. पोत्यात दीड वर्ष पडून राहिलेला राजमासुद्धा गेल्या महिन्यात पाकिटात भरला, की पाकिटापुरता ताजाच. आईचा हा प्रश्न मला वर्षभर आधी सुचायला हवा होता. पुढे तपासत गेलो तेव्हा दोन कारणं सापडली, बोअरचं पाणी आणि जुना दाणा. दोन्ही एकत्र आली की कितीही शिट्ट्या द्या, उपयोग नाही.

आधी दाणा कापा

शिट्ट्या वाढवायच्या आधी शिजलेल्यातले पाच-सहा दाणे सुरीने मधोमध कापून बघा. एकच दाणा बघून निकाल देऊ नका, एखादा मऊ निघतो आणि फसवतो.

कापलेल्या दाण्याच्या मध्यभागी पांढरा कोरडा ठिपका आणि भोवती सगळं मऊ, असं असेल तर पाणी आतपर्यंत पोचलेलं नाही. भिजवणं कमी पडलं किंवा वेळ कमी पडला. हे सगळ्यात सोपं दुखणं, आणखी दहा-पंधरा मिनिटांत मिटतं. आत लोण्यासारखं पण साल मात्र दातात येते, असं असेल तर बहुतेक पाण्याचा दोष. अख्खा दाणा सालीपासून गाभ्यापर्यंत सारखाच रवाळ, चिवट, आणि वेळ वाढवूनही फरक शून्य, तर दाणा जुना. अर्धे दाणे मेणासारखे आणि अर्धे खड्यासारखे निघाले, तर दुकानात दोन पोती एकत्र झाली आहेत, किंवा घरात जुन्याच्या डब्यात आपणच नवा राजमा ओतला आहे. हा शेवटचा गुन्हा मी स्वतः केलेला आहे.

आणि कुकरमधून काढताना बऱ्यापैकी झालेला दाणा रश्श्यात अर्धा तास उकळूनही पुढे सरकत नसेल, तर आंबटाचा प्रताप. त्याकडे नंतर येतो.

पाणी

कडधान्य शिजतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. उष्णतेने हे चिकटवण विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि दाणा जिभेवर फुटतो. जड पाण्यातलं, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या पेक्टिनला घट्ट धरून बसतं. मग ते विरघळायचं नावच घेत नाही.

पाणी जड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नळाच्या तोंडाशी पांढरा खरबरीत थर, बादलीच्या आत पांढरी रेघ, साबणाला फेस नाही, दर वर्षी गीझरची कॉइल जाते. आमच्याकडे चारही होतं. जुन्या घरी महापालिकेचं धरणाचं पाणी होतं, इथे बोअर आणि टँकर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. पिण्याला चालवून घेतलेलं पाणी राजमा चालवून घेत नाही.

एका शनिवारी रात्री मी एकाच पाकिटातला राजमा मूठ-मूठ मोजून तीन स्टीलच्या डब्यांत भिजवला. पहिल्यात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओ फिल्टरचं, म्हणजे क्षार गाळून काढलेलं, तिसऱ्यात आरओचं पाणी आणि मीठ. सकाळी तिन्हींचं पाणी ओतून टाकलं, पहिल्यात परत बोअरचं आणि बाकी दोघांत आरओचं ताजं पाणी घातलं आणि तिन्ही डबे एकाच मोठ्या कुकरमध्ये एकावर एक ठेवून मंद आचेवर पस्तीस मिनिटं शिजवले. बोअरच्या डब्यातला दाणा चिमटीत धरून दाबला तर तो सटकून फ्रीजखाली गेला. दुसऱ्या डब्यातला बोटांत चेपला गेला, साल थोडी जाणवली. तिसऱ्यातला जिभेने टाळूला टेकवला आणि संपला, साल कुठे गेली कळलंही नाही. कुकर तोच, आच तीच, वेळही तीच. त्या दिवशी मी नव्या कुकरची चौकशी करणं थांबवलं.

तेव्हा भिजवायला आणि शिजवायला, दोन्हीला आरओचं पाणी घ्या. वाटीभर राजम्याला सगळं मिळून सव्वा-दीड लिटर लागतं, फार नाही. इथे एक गफलत होते. फिल्टर म्हणजे आरओच असेल असं नाही. कँडलचा फिल्टर किंवा नुसता यूव्हीचा फिल्टर पाणी निर्धोक करतो, त्यातला कॅल्शियम काढत नाही. तुमच्याकडे तसला फिल्टर असेल तर राजम्याच्या दृष्टीने ते बोअरचंच पाणी. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरता ना? ते मूळ पाण्याहून जास्त जड असतं. त्यात कडधान्य भिजवू नका. आमच्या शेजारच्या काकू काटकसर म्हणून नेमकं तेच करत होत्या.

आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, गार होऊ द्या, तळाशी पांढरा गाळ बसला की वरचं पाणी अलगद ओतून घ्या. जडपणा बायकार्बोनेटचा असेल तर यात बराच कमी होतो, दुसऱ्या क्षारांचा असेल तर होत नाही. एकदा करून बघायला काही जात नाही.

मिठाबद्दल. "मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही" हे आपण सगळ्यांनी घरात ऐकलंय, माझी आजीही तेच म्हणायची. मी हे आता मानत नाही. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं की त्यातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. लिटरभर पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे मीठ घाला, सकाळी ते पाणी फेकून राजमा धुऊन घ्या. दाणा खारट होत नाही, उलट आतपर्यंत चव लागते.

सोडा हा शेवटचा उपाय. वाटीभर राजम्याला शिजवताना एक चिमूट खायचा सोडा, त्याहून जास्त नाही. सोड्याने पेक्टिन भराभर विरघळतं, पण हात सैल सुटला तर राजम्याला साबणाची चव येते, दाणे फुटून लगदा होतो आणि ब१ जीवनसत्त्वही जातं. आणि सोडा म्हणजे सोडाच. ढोकळ्यात घालतात ते फ्रूट सॉल्ट किंवा बेकिंग पावडर नव्हे. त्या दोन्हींत आम्ल मिसळलेलं असतं, पाण्यात पडताच फसफसून मोकळं होतं आणि राजमा आहे तसाच.

तांदूळ जुना, कडधान्य नवं

"जुनं ते सोनं" हे तांदळाला लागू आहे. वर्षभर मुरलेला तांदूळ मोकळा होतो म्हणून आपण तो जास्त पैसे देऊन आणतो. कडधान्याचं बरोब्बर उलट. राजमा, छोले, हरभरा उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने राहिले, की दाण्याच्या आतल्याच क्षारांची फिरवाफिरव होते, तिथला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळा होऊन पेक्टिनला जाऊन चिकटतो. म्हणजे जड पाण्याने जे बाहेरून होतं तेच आतून होतं. यावर फिल्टर चालत नाही. चिमूटभर सोड्याने थोडा फरक पडतो, एवढंच.

आणि आपण कडधान्याचे डबे ठेवतो कुठे? गॅसच्या वरच्या फळीवर. वर वाफ, खाली आच. त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात विचारूच नका. मी आता अर्धा किलोपेक्षा जास्त आणत नाही आणि आणलेला घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवतो. डब्यावर आणल्याचा महिना लिहितो, आणि नवा राजमा जुन्यावर ओतत नाही.

घेताना रंग बघा. चित्रा राजम्याची जमीन फिकट बदामी असते, जुना होईल तशी ती तपकिरीकडे झुकते. लाल राजम्यात हे ओळखणं कठीण, पण जुन्याची तुकतुकी गेलेली असते, साल सुरकुतलेली, बारीक भोकं पडलेली. दुकानदार ओळखीचा असेल तर सरळ विचारायचं, "नवीन माल कधी आला?" तो कधी कधी खरं सांगतो.

आंबट आणि गोड

टोमॅटो, चिंच, आमसूल, दही यांतलं काहीही राजमा पुरता शिजायच्या आधी पडता कामा नये. आम्लात पेक्टिन विरघळत नाही. गूळही तसाच, साखर आणि वर थोडा कॅल्शियम. सगळं एकदम कुकरमध्ये टाकून शिट्ट्या लावायच्या, अशा झटपट कृती फिरत असतात. मऊ पाणी आणि ताजा राजमा असेल तर त्या निभावतात, आमच्यासारख्यांना त्याच बुडवतात. टोमॅटो वेगळ्या कढईत तेल सुटेपर्यंत परता आणि त्यात शिजलेला राजमा घाला. वालाच्या उसळीत आपण आमसूल आणि गूळ शेवटी घालतो, तोच क्रम.

कुकर आणि शिट्ट्या

"किती शिट्ट्या?" या प्रश्नाला उत्तर नाही. मोठ्या आचेवर सात शिट्ट्या आठ-नऊ मिनिटांत होतात, मंद आचेवर त्याच सातांना अर्धा तास लागू शकतो. शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर पडणं. राजमा शिजतो तो आतल्या तापमानाने आणि वेळाने, आणि दाब धरून असेल तर आत सुमारे १२० अंश असतात, शिट्टी वाजो किंवा न वाजो. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, आच अगदी बारीक करा आणि मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा गजर लावा. मग गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. घाईत चिमट्याने शिट्टी उचलून वाफ सोडली की दाब एकदम उतरतो, राजम्याची सालं फाटतात आणि आतला गर पाण्यात जातो.

भिजलेल्या चवळीला याच पद्धतीने आठ-दहा मिनिटं पुरतात, न भिजवलेल्या अख्ख्या मसुराला बारा-पंधरा, छोल्यांना राजम्याइतकीच. मोड आलेल्या मटकीला आणि सोललेल्या वालांना कुकर दाखवूच नये.

कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. कडधान्याला फेस येतो, तो शिट्टीच्या भोकात अडकतो. चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो. रिंगेच्या कडेने सतत फुसफुस येत असेल तर दाब धरतच नाही, तिथे मात्र दोष खरंच कुकरचा. रिंग कडक झाली असेल तर बदला. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे सहलीला गेल्यावर उघड्या पातेल्यात राजमा शिजवायची हौस करू नका, कुकर बरोबर न्या.

भिजवायला रात्रभर, निदान आठ तास. विसरलात तर राजमा पाण्यात तीन मिनिटं उकळा, झाकून तासभर ठेवा, ते पाणी फेका आणि पुढे नेहमीसारखं. रात्रभर भिजवल्याची सर येत नाही, पण काम भागतं. मे महिन्यात मात्र ओट्यावर भिजत घातलेला राजमा सकाळी फेसाळतो आणि आंबूस वास येतो. उन्हाळ्यात भांडं फ्रीजमध्येच ठेवा.

भाताचं काय

आता गिच्च भात. आपल्याकडे कुकर लावणं म्हणजे तळाला पाणी, एका डब्यात वरण, दुसऱ्यात भात. तूरडाळ आणि तांदूळ साधारण एका वेळात शिजतात म्हणून ही सोय जमते. राजम्याच्या बाबतीत हीच सवय नडते. भाताला दहा मिनिटं हवीत आणि राजम्याला पंचवीस-तीस. दोघांना एकदम चढवलं की एकाचा बळी ठरलेला.

एकच कुकर असेल तर मी असं करतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये तळाला डब्याशिवाय वाटीभर भिजलेला राजमा, तीन वाट्या पाणी, चमचाभर तेल, हळद, हिंग. पहिल्या शिट्टीनंतर वीस मिनिटं मंद आच. वाफ जिरली की झाकण उघडून दाणा बघतो, पाणी राजम्याच्या वर आहे ना ते बघतो, नसेल तर वाटीभर गरम पाणी घालतो. मग राजम्यातच उंच पायाची जाळी उभी करून तिच्यावर तांदळाचा डबा ठेवतो, वर झाकणी. परत दाब, परत दहा मिनिटं. राजम्याला एकूण तीस मिनिटं मिळतात, भाताला दहाच. मधल्या वीस मिनिटांत तांदूळ धुऊन भिजत पडलेला असतो आणि बाजूच्या शेगडीवर कांदा-टोमॅटो परतून होतो. दुसरा गॅस सगळा मिळून पंधरा मिनिटं जळतो.

तरीही भात चिकट होत असेल तर तांदूळ कोणता आहे ते बघा. इंद्रायणी चिकटच असतो, तो त्याचा स्वभाव आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला हा तांदूळ गुरगुट्या भाताला, मेतकूट-तुपाला नंबर एक. राजम्याच्या घट्ट रश्श्याशी त्याची जोडी मला आवडत नाही, गोळ्यावर गोळा होतो. त्यासाठी जुना कोलम बरा, वाडा कोलम परवडला तर उत्तमच. किंवा बासमती तुकडा, स्वस्त आणि मोकळा. डब्यात शिजवताना जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या पाणी. दिवाळीनंतर नवा तांदूळ आला की पाव वाटी कमी करा, नवा तांदूळ पाणी कमी मागतो. मोकळा भात बोअरच्या पाण्यातही होतो, तिथे आरओचं पाणी खर्ची घालू नका.

एक गोष्ट गमतीची नाही

कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. अर्धेकच्चे चार-पाच दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि मग जुलाब होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा, की राजमा निदान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. नुसता कोमट-गरम ठेवून चालत नाही. ८० अंशांच्या आसपास शिजवलेला राजमा कच्च्याच्या पाचपट विषारी होऊ शकतो. म्हणून विजेच्या स्लो कुकरमध्ये राजमा थेट टाकू नका. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांकडे हे भांडं हमखास असतं आणि कुकर नसतो, त्यांना हे आवर्जून सांगा. आधी पातेल्यात अर्धा तास उकळा, मग कुठेही ठेवा. हवाबंद डब्यात मिळणारा आयता राजमा शिजवलेलाच असतो, त्याला हे काही लागू नाही.

भिजलेला राजमा कुकरमध्ये पुऱ्या दाबावर अर्धा तास राहिला असेल आणि तरी चिवट असेल, तर विषाचा प्रश्न मिटलेला असतो, दातांचा उरतो.

फसलेला राजमा

पाहुणे दारात आणि राजमा कडक. अजून टोमॅटोत पडला नसेल तर जुनं पाणी ओता, आरओचं उकळतं पाणी, चिमूटभर सोडा, कुकरमध्ये बारा मिनिटं. रश्श्यात पडला असेल तर रोळीत काढून दाणे धुऊन घ्या, रस्सा बाजूला ठेवा आणि दाण्यांचं तेच करा. रश्श्यासकट परत शिट्ट्या देत बसलात तर मसाला करपेल आणि राजमा तसाच राहील.

राजमा मऊ झाला पण रस्सा पाण्यासारखा, ही तक्रार कितीतरी सुखाची. दोन पळ्या दाणे कढईच्या कडेला चेपून घ्या आणि झाकण न ठेवता पंधरा मिनिटं उकळू द्या. शिजवलेलं पाणी फेकू नका, दाटपणा त्यातूनच येतो. फेकायचं ते भिजवलेलं. पोट फुगायची तक्रारही ते फेकल्याने थोडी कमी होते, बाकी हिंग आणि आलं आहेच.

वाघ्या घेवडा

आईचा फोनवरचा दुसरा प्रश्न होता, "तो लांबनं आलेला राजमा कशाला, आपला घेवडा काय वाईट आहे?" आमच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याचाच भाऊबंद, फिकट अंगावर वाघासारखे तांबूस पट्टे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. खरिपाचं पीक, दसऱ्याच्या सुमारास गावाकडे नवा घेवडा आलेला असतो. तो घरी पोचला की जुना कोण आणि नवा कोण हा प्रश्नच राहत नाही. आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवला तर वीस मिनिटांत लोणी होतो. शिजताना पट्टे पुसले जातात, तेवढं एक वाईट वाटतं.

त्याची आमटी राजम्याहूनही स्वस्त पडते. तेलात लसूण आणि कांदा लालसर, मग चमचाभर कांदा-लसूण मसाला, त्यात शिजलेला घेवडा त्याच्या पाण्यासकट, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, मीठ. टोमॅटो नाही, त्यामुळे आंबटाची भानगड नाही. दहा मिनिटं उकळली की कोलमच्या भातावर वाढायची, बाजूला कच्चा कांदा.

एवढं सगळं करूनही दोन-चार दाणे टणटणीत राहतातच. ते गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरतच नाही, रात्रभर भिजूनही ते फुगत नाहीत, आणि शिजवल्यावर दातच पडायचा. म्हणून सकाळी भिजवलेलं पाणी ओतताना ताटलीत हात फिरवा. बाकीचे दाणे दुप्पट झालेले असतात, हे बारीक आणि गुळगुळीत लागतात. वेचा आणि कुंडीत टाका. आमच्या खिडकीतल्या कुंडीत त्यातला एक उगवलाय.